ग्रहण लागण्याआधीच

१९९५ च्या दिवाळीतले सूर्यग्रहण ज्यांना आठवते, त्यांना त्या सकाळचा तो मळकट उजेडही आठवत असेल. २४ ऑक्टोबर, आश्विनातली अमावास्या. उत्तरेत ते खग्रास दिसले, आमच्या नांदेडला खंडग्रास. मी प्राणिशास्त्राचा मास्तर. पण आकाशाची हौस जुनी. वजिराबादेतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर गल्लीतली वीस-पंचवीस पोरे गोळा केली होती. वेल्डिंगची काच, पुठ्ठ्याला सुईने पाडलेले भोक आणि खाली पांढरा कागद, एवढाच सरंजाम. कागदावर सूर्याची कोर उमटली तेव्हा पोरांनी एकच गिल्ला केला. आसपासच्या घरांची दारे-खिडक्या घट्ट लावलेली होती. शेजारच्या आजी आतूनच ओरडत होत्या, ‘मास्तर, लेकरांचे डोळे घालवताल!’ मी हसत होतो. आपण काही तरी मोठे काम करतो आहोत, असे त्या वयात वाटायचे.

त्याच घटकेला, तिथून पन्नासेक किलोमीटरवर, कंधार तालुक्यातल्या एका घरात माझी पुतणी अंगणात आली होती. तिला पाचवा संपून सहावा महिना लागला होता. ग्रहण पाळायला तिला आतल्या खोलीत बसवलेले. पण गोठ्यातल्या वासराने दावे तोडले, घरात दुसरे कोणी जागचे हलेना, म्हणून ती उठली, वासराला धरले आणि खुंट्याला बांधून परत आत आली. दोन मिनिटांचे काम.

फेब्रुवारीच्या अखेरीस मुलगा झाला. वजन ठीक, रडणे ठीक, हातपाय ठीक. डोके मात्र लहान. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असतो. याचा तीसही भरत नव्हता. कपाळ भुवयांपासून सरळ मागे उतरलेले. पुतणीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या, माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्काने बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि बारशाच्या आधीच निवाडा दिला : ‘गिराणात भाईर आली, वासराला गाठ मारली. तिथंच लेकराच्या डोक्याला गाठ पडली.’

हा निवाडा पुढे तेवीस वर्षे टिकला. तो चुकीचा होता हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी मी तो खोडून काढला नाही, त्याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अक्काचा मुलगा आणि माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आत्याचा मुलगा, मामाची मुलगी. आमच्याकडे या नात्याला वेगळे स्थळ बघावे लागत नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच असतो, असे म्हातारी माणसे आजही बोलतात. भावाचे घर औसा तालुक्यात होते. होते असे म्हणतो, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ते राहिले नाही. माणसे वाचली, दगडमातीच्या भिंती, ज्वारीची पोती, दोन बैल गेले. पुढच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बैठक बसली. अक्का म्हणाली, ‘पोरगी मी नेते. एक रुपया नको, मानपान नको.’ भावाच्या डोळ्यांत पाणी आले. दाजींनी माझ्याकडे पाहून विचारले, ‘मास्तर, तुमचं काय म्हणणं?’

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी बारावीच्या वर्गात फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढले होते. प्रभावी, अप्रभावी, तिनास एक. त्या आधीची काही वर्षे मी लातूरला शिकवणीवर्ग घेतले होते. लातूर पॅटर्नचा बोलबाला सुरू होता, आणि माझी पोरे या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण घेत. जवळच्या नात्यातल्या लग्नात अप्रभावी दोष उघडे पडण्याचा संभव का वाढतो, हे चार ओळींत कसे लिहायचे ते मीच त्यांना घोटून घेऊन पाठ करवले होते. पण शेडमध्ये, पडलेल्या घराच्या समोर बसून, भावाच्या मुलीचे लग्न फुकट होत असताना, वाटाणे तोंडातून बाहेर पडले नाहीत. मी म्हणालो, ‘माझं काय, तुम्ही ठरवलंय ते बरंच आहे.’

आता या लहान डोक्याची गोष्ट. ती मला एकदम समजली नाही. जसजसे जगात कळत गेले तसतसे वाचत गेलो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. माणसाची जनुके, म्हणजे प्रथिने कशी बनवायची हे सांगणारी, आहेत वीस हजारांच्या आसपास. आता गंमत पाहा. मातीत राहणारा एक मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी आहे, शास्त्रज्ञांचा मोठा लाडका. त्याच्या सगळ्या अंगात मिळून चेतापेशी ३०२, आणि जनुके? तीही जवळपास वीस हजारच. म्हणजे जनुकांत मेंदूचा नकाशा काढून ठेवलेला असणे शक्यच नाही. कोणती पेशी कुठे बसेल आणि कोणाशी जोडली जाईल हे एकेक करून लिहायचे म्हटले तर तेवढी पाने या पोथीत नाहीतच. मग जनुके करतात काय? पूर्वी माणूस पायी परगावी निघाला की त्याच्या खिशात नकाशा नसे. वेशीवरचा माणूस सांगे, त्या चिंचेपर्यंत जा, तिथे पाराला विचारा. पारावरचा सांगे, ओढा ओलांडून डावीकडे. प्रत्येकाला आपल्यापुरते ठाऊक. तरी माणूस मुक्कामाला पोचायचा. जनुके या पारावरच्या माणसांसारखी आहेत. त्या त्या जागी, त्या त्या वेळी, एखादी छोटी सूचना. पण तो पार रिकामा असला की वाटसरू चुकला.

पहिली सूचना असते वाढण्याची. गर्भात मेंदूच्या मूलपेशी सुरुवातीला फक्त दुप्पट होत जातात; एकीच्या दोन, दोनाच्या चार. दहा वेळा दुप्पट केले तर १०२४ होतात, नऊ वेळा केले तर ५१२. एक फेरी हुकली की निम्मे पीक गेले. या काळात मूलपेशींनी चेतापेशी बनण्याची घाई करायची नसते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको : कणगीतली बियाण्याची ज्वारी दुष्काळातही दळायची नसते. ती खाल्ली की पुढच्या साली पेरायला काय?

हे बियाणे राखण्याचे काम ज्या जनुकांकडे आहे त्यांतले एक आहे ए.एस.पी.एम. पेशी दुभंगताना तिच्यातली गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेणारी तंतूंची एक चाती तयार होते. चाती हा शब्द, एके काळी उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या नांदेडकराला समजावून सांगायला नको. ही चाती नीट आडवी राहिली तर पेशी बरोबर मधोमध दुभंगते आणि दोन्ही लेकी मूलपेशीच राहतात. ए.एस.पी.एम.चे प्रथिन चातीच्या टोकांशी असते, आणि ते बिघडले की हा तोल जातो, असे दिसते. मग एखादी लेक वेळेआधीच चेतापेशी बनून निघून जाते. बियाणे खाल्ले जाते. मेंदू घडणीने जवळजवळ सर्वांसारखाच, पण आकाराने लहान राहतो.

हे जनुक २००२ साली सापडले, ते इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांना, आणि तेही मूळच्या पाकिस्तानी कुटुंबांत. तिकडे चुलत-मामे भावंडांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली. त्याच पाकिस्तानातल्या गुजरात शहरी शाहदौल्याचा दर्गा आहे. तिथे लहान डोक्याची मुले वाहिली जात आणि लोक त्यांना ‘शाहदौल्याचे चुहे’ म्हणत. त्यांची डोकी लोखंडी टोप घालून मुद्दाम लहान केली जातात, अशी वदंता होती. वदंतेला कोणी तरी दोषी लागतो. तिकडे दर्ग्यातले लोक, इकडे वासरू बांधायला उठलेली बाई. लहान डोक्याची इतर कारणेही आहेत, हे सांगून ठेवतो. आईला गरोदरपणी झालेला रुबेला, आणि २०१५-१६ साली ब्राझीलमध्ये घबराट माजवणारा झिका विषाणू, जो नेमका या मूलपेशींवरच जाऊन बसतो. आतापर्यंत पंचवीसहून अधिक जनुकांची अशी नोंद झाली आहे, त्यांतले ए.एस.पी.एम. सर्वांत जास्त वेळा सापडणारे.

आणि वेळेचा हिशेब करा. मेंदूच्या वरच्या कवचातल्या चेतापेशी जन्माला घालण्याचे काम साधारण सातव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत बरेचसे आटोपते. म्हणजे चंद्र सूर्याच्या आड आला आणि माझी पुतणी दावे घेऊन उठली, तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेले होते. खरे तर ते पत्र्याच्या शेडमधल्या बैठकीतच ठरले होते.

या वेळेच्या बाबतीत आपल्या रीती मला फार उफराट्या वाटतात. गोड बातमी तीन महिने कोणाला सांगायची नाही, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, पाटाभोवती रांगोळी, खा-प्या म्हणून आग्रह. पण मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतो ती मज्जानळी मिटते गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी. त्या दिवशी पुष्कळ बायकांना आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. फार तर पाळी चुकल्याची शंका. ही नळी उघडी राहिली तर मूल वाचत नाही किंवा जन्मभराचे अधू होते. फॉलिक आम्ल हे साधे, स्वस्त जीवनसत्त्व गर्भधारणेच्या आधीपासून घेतले तर हा धोका मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९१ साली पक्के सिद्ध झाले. ज्यांचे आधीचे मूल असे झाले होते त्या स्त्रियांत तो जवळपास पाऊण हिश्श्याने कमी झाला. रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, तीही लग्नानंतर लगेच सुरू करायची. डोहाळजेवणापर्यंत थांबून तिचा या कामी काही उपयोग नाही. आमच्या नातवाला या गोळीने काही झाले नसते, त्याचा दोष निराळा. पण विषय निघाला आहे तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गल्लीत आता मी लग्नाच्या आहेराबरोबर ही गोष्ट सांगतो. लोक लाजतात. लाजू देत.

वाढीनंतरची सूचना असते ओळखीची. आपण कोण व्हायचे? या प्रश्नावर फार सुंदर काम मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आहे. डॉ. शुभा टोळे या मुंबईतच जन्मलेल्या, झेवियर्समध्ये शिकलेल्या, अमेरिकेत पीएच.डी. करून इथे परतलेल्या आणि कथ्थक नाचणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांना २०१० साली भटनागर आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटाने उंदराच्या गर्भातील एल.एच.एक्स.-२ या जनुकाचा पाठपुरावा केला. मेंदूच्या कवचाच्या कडेला पेशींची एक चिंचोळी पट्टी असते. शास्त्रज्ञ तिला साडीचा काठ म्हणावा तसे नाव देतात. हा काठ शेजारच्या पेशींना सांगतो, तुम्ही हिपोकॅम्पस व्हा. म्हणजे जिथे आठवणी बांधल्या जातात तो भाग. एल.एच.एक्स.-२ हे जनुक बाकीच्या पेशींना काठ होण्यापासून रोखून धरते. त्यांनी उंदराच्या मेंदूत ठिकठिकाणी ते जनुक बंद पाडले. झाले काय, तर साडीच्या मधोमधच काठ विणले गेले, आणि त्या प्रत्येक काठाशेजारी एकेक नवा हिपोकॅम्पस उभा राहिला! २००८ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती मुदतीची. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत ते जनुक बंद पाडले तरच हे घडते. मुदत टळल्यावर बंद पाडले तर मेंदूच्या मधोमध काठ येत नाही. २०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवले की हिपोकॅम्पसमध्ये पुढच्या एका टप्प्यावर हेच जनुक मूलपेशीला चेतापेशी बनवायला लावते, आणि ते नसेल तर तिथे आधारपेशी तयार होऊ लागतात. जनुक एकच, पण कधी बोलले यावर अर्थ बदलला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे. बैठकीत बोलायचे ते बैठकीतच बोलले पाहिजे. लग्न लागल्यावर बोलून काय?

तिसरी सूचना वाटेची. चेतापेशी जन्मली, कोण व्हायचे ते ठरले, आता तिला दूरच्या कुठल्या तरी पेशीशी सोयरीक करायची असते. तिच्यातून एक लांब धागा निघतो, त्याला अक्षतंतू म्हणतात. त्याच्या टोकाला एक पंजासारखा भाग असतो. तो समोरची जमीन चाचपत, वास घेत पुढे सरकतो. वास म्हणजे खरे तर रसायने. काही ओढून घेणारी, काही हाकलणारी. यातले एक ओढणारे रसायन १९९४ साली अमेरिकेत कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून वेगळे काढण्यात आले, आणि त्याचे नाव ठेवले नेट्रिन. हे नाव कुठून आले? आपल्या संस्कृतातल्या ‘नेतृ’वरून. नेणारा, वाट दाखवणारा. नेता या शब्दाचा इतका चोख उपयोग अलीकडे मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नेट्रिन शरीराच्या मध्यरेषेवर पाझरते आणि डावीकडचे तंतू उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे बोलावून घेते. उजवा हात डाव्या मेंदूच्या हुकमात चालतो, त्याची तजवीज अशी होते. नेट्रिन ओळखणारे जे प्रथिन तंतूच्या टोकावर असते (डी.सी.सी. त्याचे नाव), त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर काही माणसांत विचित्र प्रकार दिसतो : उजव्या हाताने लिहू लागले की डावा हातही आपोआप तीच हालचाल करतो. हे २०१० साली उमगले. पण मध्यरेषा ओलांडल्यावर तंतूने परत फिरायचे नसते. तिथे दुसरे एक रसायन त्याला मागे ढकलते. फळमाशीत हे ढकलणे जाणवून देणारे जनुक बिघडले की तंतू मध्यरेषेवर गोल गोल फिरत राहतात. शोधणाऱ्यांनी त्या जनुकाला नाव दिले ‘राउंडअबाउट’. लातूरकर त्याला गोलाईच म्हणेल.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : मधोमध गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. नवखा माणूस तिथे दोन-तीन फेऱ्या मारल्याशिवाय सुटत नाही. मीही लातूरला नवा होतो तेव्हा हमखास चुकायचो. एका रस्त्याला सराफ, एकाला चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. साधारण २००८ चा उन्हाळा असेल. भावाकडे गेलो होतो, पुतणी माहेरी आलेली, आणि तिच्या या मुलाला घेऊन मी बाजाराला गेलो. बारा वर्षांचा. तोवर तो चार-सहा शब्दच बोलत असे, आकडे त्याला येत नसत, शाळेने त्याला दुसरीतून घरी पाठवले होते. गर्दीत माझी दिशा चुकली. मी त्याच इमारतीला दुसरा वळसा घालतो आहे हे त्याच्या लक्षात आले. त्याने माझे बोट धरले, नाक जरा वर केले, आणि मला सरळ गुळाच्या रस्त्याला नेऊन उभे केले. भावाबरोबर तो तिथे एकदा येऊन गेला होता. दुकानदाराने त्याच्या हातावर खडा ठेवला. तो खूप हसला.

त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर मला जे पुस्तकात वाचले होते ते डोळ्यांपुढे आले. या मुलांच्या मेंदूत पेशी कमी असतात, पण रस्ते बरेचसे नीट गेलेले असतात. म्हणूनच ती चालतात, माणसे ओळखतात, लळा लावतात. आज तो तिशीच्या घरात आहे. गाईचे दूध काढतो. नांदेडची बस फाट्यावर आली की आवाजावरून ओळखतो, लोह्याची वेगळी आणि अहमदपूरची वेगळी. हिशेब येत नाही. तो मलाही या वयात फारसा येईनासा झाला आहे.

आता २०१९. त्याची पाठची बहीण तेव्हा वीस वर्षांची, लातूरला नर्सिंग शिकत होती. तिची प्रकृती अगदी ठणठणीत. अक्काने पुन्हा विषय काढला. अक्काच्या लेकीचा मुलगा लग्नाचा झाला होता. नात घरातल्या घरात द्यायची. तेच घर, तीच अक्का, तेच ‘एक रुपया नको’. या वेळी मला कोणी विचारले नव्हते. पण पोरीनेच लातूरहून फोन केला : ‘मोठे आजोबा, दादाला जे आहे ते माझ्यात आहे का?’

मी तिला कागदावर मांडून दिले. अप्रभावी दोषात जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणसाला काही होत नाही, त्याला कळतही नाही. आई-वडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे असतील तर प्रत्येक खेपेला चारात एक. (चौघांतले एक होऊन गेले, आता तिघे सुटले, असे पुष्कळ सुशिक्षितही समजतात. तसे नाही. फासा दर खेपेला नव्याने पडतो.) दोष असलेल्या मुलाच्या धडधाकट भावंडात एक प्रत लपलेली असण्याचा संभव तिनात दोन. मुलाकडचा संभव चारात एक. दोघांनी लग्न केले तर पुन्हा असे मूल होण्याचा संभव चोवीसात एक. सर्वसाधारण लग्नांत शंभरांत दोन-तीन मुले काही तरी जन्मजात मोठा दोष घेऊन येतात, सख्ख्या मामे-आत्ये भावंडांत त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे तिथेही बहुतेक मुले चांगलीच निपजतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अक्काच्या ओळखीतली दहा उदाहरणे खोटी नव्हती. पण आमच्या घराचा आकडा आता सर्वसाधारण राहिला नव्हता.

सात जणांचे रक्त हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत गेले. पैसे मी दिले. कशाचे दिले ते मला ठाऊक होते. डिसेंबरात कागद आले. मुलाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, ए.एस.पी.एम.च्याच, आणि दोन्ही ठिकाणी चूक तंतोतंत तीच. म्हणजे एकाच पूर्वजाकडून दोन वाटांनी आलेली. आईत एक, वडिलांत एक. बहिणीत एक. माझ्या भावात एक. अक्कात एक. आणि माझ्यातही एक. आमच्या आई-वडिलांपैकी कोणी तरी ती तिघांनाही वाटून दिली होती, जमिनीसारखी. माझी बायको नात्यातली नाही, एवढ्यावरून माझी दोन्ही मुले इंजिनिअर झाली आणि मी गच्चीवर उभा राहून लोकांच्या बंद खिडक्यांना हसत राहिलो.

कंधारच्या घरी मी ते कागद वाचून दाखवले. पुतणीने मधेच थांबवून एकच विचारले : ‘म्हणजे मोठे काका, वासरू बांधलं म्हणून नाही?’

मी म्हणालो, ‘नाही.’

‘तुम्हाला हे आधी ठाऊक होतं?’

मी म्हणालो, ‘चूक कोणती ते नव्हतं. वासरू नाही, एवढं ठाऊक होतं.’

ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत होती. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीची झाली होती तेव्हा. ती कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघत म्हणाली, ‘म्हणजे माझ्या अंगातूनच गेलं की बापू.’ मी म्हणालो, माझ्याही अंगात आहे. त्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे लहानपणी मी विहिरीत पडून वाचलो तेव्हा पाहिले होते.

आठवा माणूस म्हणजे तो मुलगा. त्याचे रक्त अखेर गेलेच नाही. त्याच्या घरचे म्हणाले, आमच्यात असले काही नाही. स्थळ तिथेच संपले. पोरगी आता सोलापुरात नोकरी करते. बघायला येतात त्यांना ती स्वतःच तो कागद काढून दाखवते. दोन ठिकाणी त्यावरून नकार आला. अनोळखी घरातल्या मुलात हीच प्रत निघण्याचा संभव फारच थोडा. पण कागद पाहिला की माणसे हिशेब करत नाहीत, घाबरतात. मी तिला म्हणालो, नको दाखवत जाऊ. ती म्हणाली, ‘तुम्हीच असं म्हणता?’

कागद वाचले त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २६ डिसेंबर २०१९ ला, सकाळी पुन्हा सूर्यग्रहण होते. मी कंधारलाच मुक्कामाला होतो. नेहमीप्रमाणे पुठ्ठा घेऊन अंगणात गेलो. अक्काने सवयीने पाण्याच्या हंड्यात तुळशीपत्र टाकले आणि आत जाऊन बसली. जरा वेळाने पुतणी बाहेर आली. हातात विळी आणि मेथीची जुडी. जोत्यावर बसून तिने विळी उघडली आणि भाजी चिरायला लागली. मुलगा माझ्या शेजारी उभा राहून कागदावरची कोर बघत होता, बोट लावून पुसायला बघत होता. आतून अक्काला सगळे दिसत होते. ती एकदा खोकली.

मग म्हणाली, ‘बारीक चिर. त्याला जाड आवडत नाही.’